सोशिक पिशवी

माझा धंदा लग्नं जुळवण्याचा आहे. एका बाजूला खाण्याचा पदार्थ, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची फिल्म. दोघांचं जमलं तर वर्षभर सुखाचा संसार, नाही जमलं तर दुकानदाराच्या दारात बोंबाबोंब. वेफर्सना दमट हवा सोसत नाही, लोणच्याच्या तेलाला दाद देणार नाही असा आतला थर लागतो, मसाल्याचा वास कोंडून ठेवायचा असतो, आणि कॉफीला तर उजेडसुद्धा नको असतो. पत्रिका बघावी तशी मी पदार्थाची लक्षणं बघते. पाणी किती, तेल किती, आंबटपणा किती, किती महिने टिकायचं आहे. मग फिल्म ठरते.

पूर्वी हे काम सोपं होतं. बाहेर छपाईला देखणा पॉलिस्टर, मध्ये हवा अडवायला अॅल्युमिनियमचा पापुद्रा, आत उष्णतेने वितळून चिकटणारं पॉलिथिन. तिघं तीन घरचे, आणि एकदा चिकटले की ब्रह्मदेवालाही सुटे करता यायचे नाहीत. त्यामुळे त्यांचा पुन्हा वापर होत नसे आणि ते नदीनाल्यांत जाऊन बसत. शेवटी अशा मिश्र थरांवर बंदी आली आणि आम्हा मंडळींची पाचावर धारण बसली. आता पिशवीतले सगळे थर एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे हवेत. तेच पॉलिथिन बाहेर ताणून कडक करायचं, आत मऊ ठेवायचं, मध्ये काचेचा इतका पातळ लेप द्यायचा की पिशवी वितळवताना तो आड येणार नाही. अशा हजारो जोडण्या संभवतात आणि त्या माणसाच्या डोक्यात मावत नाहीत, म्हणून यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला मध्यस्थ म्हणतो.

मध्यस्थाकडे तुम्ही जे मागाल ते तो शोधून आणतो. काय मागायचं, हे मात्र माणसाने ठरवायचं असतं.

मी मागितलं होतं माझ्या बहिणीसाठी. मुग्धा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. रत्नागिरीजवळच्या औद्योगिक वसाहतीत तिचा छोटा कारखाना आहे. ती अळूचं फदफदं पिशवीत भरून विकते. कापा आणि वाढा, शिजवायची गरज नाही. चव अशी की पंक्तीतले लोक आजही दुसऱ्यांदा मागून घेतील. पण तिच्या पिशव्या फुगायच्या. घाट चढताना हवा विरळ झाली की थोड्या, कुठे शिवण कच्ची राहून आंबल्या की जास्त. दुकानदार फुगलेली पिशवी शेल्फवर ठेवत नाही, चांगल्या दहा पिशव्यांनाही तिच्याबरोबर परत धाडतो. मुग्धा रडकुंडीला आली होती. मी मध्यस्थाला सांगितलं, पिशव्या फुगून परत येणं बंद कर.

त्याने बंद केलं. त्याने सुचवलेल्या फिल्मच्या आतल्या थरात बारीक स्फटिक पेरलेले होते. आम्ही त्यांना पोकळकण म्हणतो. त्यांच्या अंगात इतकी भोकं असतात की चिमूटभर कणांचा आतला पृष्ठभाग पसरला तर मैदान भरेल. पिशवीत कर्बवायू तयार झाला की तो त्या भोकांत जाऊन बसतो. हायड्रोजन तर इतका हलका की प्लॅस्टिकमधून आपसूक निसटतो. पिशवी सपाटच्या सपाट. आंबट पदार्थांपुरतीच वापरावी अशी अट घालून मी तिला मंजुरी दिली, सहीच्या जागी माझा अंगठा उठवला आणि नावही मीच ठेवलं. सोशिक.

आईने नाव ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या पिढीच्या बायकांचं नाव पिशवीला दिलंस हो."

आमच्या घरात या शब्दाला इतिहास आहे. मुग्धा लहानपणापासून फुगणारी. बाहुली मिळाली नाही, फुगली. कुणी भातावर आधी तूप दुसऱ्याला वाढलं, फुगली. माजघरातल्या खांबाकडे तोंड करून बसायची आणि सगळं घर तिची मनधरणी करायचं. मी कधी फुगले नाही. पाहुण्यांसमोर आई म्हणायची, "धाकटीचं काही खरं नाही. हेमांगी मात्र सोशिक." मला ते ऐकायला आवडायचं, आणि आवडतं म्हणून मी आणखी सोसायची. मला काय वाटतं हे आमच्या घरात कुणाला कधी कळलं नाही. विचारायची वेळच मी येऊ दिली नाही.

*

श्रावणातला दुसरा सोमवार. मुग्धाने नवी वाफेची कढई घेतली होती, ती बघायला मी दुपारी तिच्या कारखान्यावर गेले. बाहेर पाऊस लागून राहिला होता. आत मात्र लगीनघाई होती. श्रावणी सोमवारी लोक दिवसभर उपास करतात आणि दिवेलागणीला सोडतात. त्या पानावर अळू हवंच. आठवडाभराची निम्मी विक्री या एका दिवसासाठी झालेली असते.

मी उपास करत नाही, हे जगजाहीर आहे. मुग्धाने कढईतून गरम भाजी वाटीत काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

भाजी मऊ होती, दाणे, काजू, खोबऱ्याचे काप, सगळं जिथल्या तिथे. आणि गोड होती.

"चिंच घालायची राहिली का?" मी विचारलं.

"राहिली नाही. कमी केली." तिचा चेहरा उजळला. "थांब, तुला दाखवते."

तिने कोपऱ्यातल्या टोपलीतून अळूचं एक कोवळं पान उचललं, देठासकट तोंडात घातलं आणि कच्चंच चावून खाल्लं. मी बघत राहिले. कच्चं अळू खाल्लं तर घसा असा खाजतो की माणूस रात्रभर खाकरत बसतं. त्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून तर आपल्याकडे अळवात चिंच घालतात, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल.

"खाज नाही," मुग्धा म्हणाली. "नवी जात आहे. त्यातला सुयांचा गुणच काढून टाकलाय. आषाढ लागल्यापासून हेच अळू घेते मी. खाजच नाही, तर चिंच कशाला? चवीला उगाच नखभर घालते. मुलंसुद्धा चाटूनपुसून खातात, ताई."

माझ्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

चिंच खाजेसाठी घालतात, हे खरं. पण पिशवीत गेल्यावर तीच चिंच दुसरं काम करत होती, आणि ते आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आंबटपणा मोजायची एक पट्टी असते. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. त्या पट्टीवर चार पूर्णांक सहा ही लक्ष्मणरेषा आहे. तिच्या खाली, आंबट बाजूला, बोट्युलिनम नावाचा मातीतला जंतू डोकं वर काढू शकत नाही. वरच्या बाजूला, हवाबंद पिशवीत, तो सुखाने वाढतो, वायू सोडतो आणि विष तयार करतो. त्याची बीजं नुसत्या उकळीने मरत नाहीत. त्यांना दाबाखालची, उकळीपेक्षा कितीतरी चढी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत अळूचा चिखल होतो. भाजी आंबट आहे, ती रेषेच्या आत आहे, म्हणूनच मुग्धाला साध्या वाफेवर भागवायची परवानगी मिळाली होती.

मी पर्समधून मोजणीची कांडी काढली आणि वाटीत बुडवली. आकडा पाचाच्याही पुढे जाऊन थांबला.

"काय झालं?" मुग्धाने विचारलं.

मी सांगितलं. मी कामाचं बोलते तेव्हा माझा आवाज सपाट असतो, तसाच तेव्हाही होता. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उजळपण उतरत गेलं. मग ती जे म्हणाली ते मी जन्मात विसरणार नाही.

"पण ताई, आषाढापासून एकही पिशवी परत आली नाही. एकसुद्धा फुगली नाही."

*

"विक्री थांबव," मी म्हणाले. "आणि ज्यांनी घेतल्यात त्यांना संदेश पाठव. आत्ता."

पिशवी विकत घेताना ती घेणाऱ्याच्या फोनवर नोंदली जाते. उत्पादकाने अंगठा ठेवला की त्या सगळ्या फोनवर 'खाऊ नका' असा मोठ्याने इशारा होतो. अंगठा मुग्धाचाच लागतो.

"आज?" ती म्हणाली. "आज सोमवार आहे. लोकांनी पानं मांडायला घेतली असतील. आज हा इशारा गेला तर उद्या माझ्या नावाने कुणी मीठसुद्धा घेणार नाही. तुला खात्री आहे का? कुणी आजारी पडलंय?"

"अजून कळलं नाही."

"मग अंदाज आहे तुझा."

"मुग्धा, परवानगी मिळाली ती आंबट भाजीला. तू कृती बदललीस आणि मला सांगितलं नाहीस."

"मी कृती बदलली नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि त्याचीच मला भीती वाटली. "तूच मंजूर केलेली कृती आहे ना? काय आहे तिच्यात? अळूची पानं इतकी, डाळ इतकी, गूळ इतका. आणि चिंच?"

मी वाटीतल्या भाजीकडे बघितलं.

"बोल की. चिंच किती?"

"चवीपुरती," मी म्हणाले.

चवीपुरती. मीठ चवीपुरतं, चिंच चवीपुरती. आईच्या तोंडून ऐकलेलं, मुग्धाने तसंच सांगितलेलं, आणि मी तसंच मंजूर केलेलं. आंबटपणा मोजला तो त्या दिवशीच्या भाजीचा. त्यानंतर तो आकडा कशाच्या जोरावर टिकणार होता? मुग्धाच्या जिभेच्या. आम्ही त्याच घरात वाढलो, त्यामुळे तो शब्द मला कधी खटकलाच नाही. मध्यस्थ दर महिन्याला विचारायचा, कृती बदलली का. मुग्धा खरंच सांगायची, नाही.

"चव बदलली," ती म्हणाली. "तेवढी मुभा तूच दिली होतीस."

आता खरं तर तिने पाय आपटून निघून जायला हवं होतं. लहानपणी गेली असती. ती तिथेच उभी राहिली, पदराला हात पुसत. मला वाटलं, आपण हिला समजावू शकणार नाही. दाखवावं लागेल.

पोकळकण थंडीत वायू धरून ठेवतात आणि उष्णता मिळाली की सोडतात. फिल्म बनवताना आम्ही त्यांना भट्टीतून काढून रिकामं करतो ते याच गुणामुळे. म्हणजे पिशवीने जे गिळलं आहे ते तिला ओकायला लावता येतं. याआधी ते कुणी करून पाहिलं नव्हतं, कारण कुणाला गरजच पडली नव्हती.

"प्रत्येक घाण्यातल्या नमुन्याच्या पिशव्या ठेवल्या आहेस ना?" मी विचारलं. "त्या आण. आणि मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेव. उकळू देऊ नकोस."

तिने मांडणीवरून पिशव्या आणल्या. मी आधी ज्येष्ठातली, चिंचेची, पाण्यात सोडली. आम्ही दोघी पातेल्यावर वाकून उभ्या राहिलो. पिशवी तळाशी पडून राहिली, ढिम्म हलली नाही. मग आषाढातली पहिली सोडली. तीही तशीच. मुग्धाने सुस्कारा टाकला. दुसरी सोडली. तिची कड जराशी उचलल्यासारखी वाटली, पण ते पाण्याचं हलणंही असेल. मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेत, बघ, मी म्हटलं नव्हतं, असं काहीतरी यायला लागलं होतं.

तिसरी पिशवी तळाशी गेली, क्षणभर थांबली आणि वर आली. तिचं पोट तटतटलं, कोपरे ताणले आणि ती तेलात सोडलेल्या पुरीसारखी टम्म फुगून पाण्यावर तरंगायला लागली.

मुग्धाने चिमट्याने पिशवी उचलली, ओट्यावर ठेवली आणि सवयीने कात्री घेऊन कोपरा कापायला गेली. वास घेऊन बघायचा. आपण सगळेच तसं करतो. दूध असो, भात असो, आधी नाकाला लावतो. मी तिच्या मनगटावर फटका मारला. कात्री खाली पडली.

"वास घ्यायचा नाही. चाखायचं नाही. या विषाला वास असेलच असं नाही. थेंबभर पोटात गेलं तरी पुरतं."

"वायू दुसऱ्या कशाचाही असेल."

"असेल. प्रयोगशाळा चार दिवसांनी सांगेल. दिवेलागण आज आहे."

मुग्धाने फोन पुढे ओढला. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, मला बोल लावेल. तिने अंगठा ठेवला. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या फोनवर एकाच वेळी तो कर्कश इशारा वाजला, कारण त्यांनीही पिशव्या विकत घेऊन घरी नेल्या होत्या. कढईजवळची एक बाई फोन कानाला लावून घरी ओरडून सांगायला लागली, "हात लावू नका तिला, आधी फेका."

आणि तेव्हा मुग्धाने माझा दंड धरला.

"ताई, आई."

"आईचं काय?"

"आईला मी शनिवारी पिशव्या दिल्या. हातोहात. विकत घेतलेल्या नाहीत त्या. त्यांची नोंदच नाही."

*

आई पावसला एकटी राहते. सोमवारी संध्याकाळी ती पोथी वाचते, मग नैवेद्य दाखवते आणि मग उपास सोडते. पोथी वाचताना फोन दुसऱ्या खोलीत, उशीखाली. शेजारचे सगळे देवळात गेलेले. मी गाडी काढली. मुग्धा शेजारी बसून फोन लावत राहिली आणि तो वाजत राहिला.

भाट्याच्या पुलावर पाऊस आडवा येत होता. मी गाडीला सांगितलं तरी ती ओल्या रस्त्यावर ठरल्यापेक्षा वेग वाढवेना. हल्लीच्या गाड्या माणसापेक्षा शहाण्या असतात. मी तिला गप्प केलं आणि चाक स्वतःच्या हातात घेतलं.

मुग्धा एकदाच बोलली. "गेल्या सोमवारीही दिल्या होत्या मी तिला. बरी होती की."

"सगळ्याच पिशव्यांत नसतं."

"म्हणजे आज असेल की नसेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

गोळपच्या उतारावर तिचा फोन वाजला. तिला वाटलं आई. तो सांगलीच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा होता. इशाऱ्याखालच्या नंबरवर त्यांनी फोन केला होता. मुग्धाने आवाज मोठा केला. काल सकाळपासून एक पेशंट आहे, बाई म्हणाल्या, शाळामास्तर आहेत. डोळ्यांच्या पापण्या मिटताहेत, एकाचे दोन दिसतात, बोलताना जीभ अडखळते. आम्ही पक्षाघात समजून चाललो होतो. आत्ता त्यांच्या बायकोच्या फोनवर तुमचा इशारा वाजला. तुम्हाला नेमका कशाचा संशय आहे?

मी जंतूचं नाव सांगितलं.

"त्यावर उतारा आहे," बाई म्हणाल्या. "पुण्याहून मागवते. उद्यावर गेलं असतं तर श्वासाचे स्नायूही गेले असते." त्यांनी फोन ठेवला.

मुग्धाने फोन मांडीवर पालथा घातला. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी चालवता आली नसती.

आईच्या अंगणात शिरलो तेव्हा ओटीवर दिवा लागलेला होता. दार उघडंच होतं. मी चपलांसकट आत गेले. देवासमोर नैवेद्य दाखवून झाला होता, पाण्याचं मंडल ओलं होतं. स्वयंपाकघरात आई पाटावर बसली होती. समोर केळीचं पान. पानावर वरणभात, लिंबाची फोड, आणि उजव्या हाताला अळू. त्याच्यात बोटांनी ओढल्याच्या खुणा होत्या. आईच्या हातात घास होता.

"आई, टाक तो," मुग्धा म्हणाली.

"अगो, चपला," आई म्हणाली. मग तिने आमचे चेहरे बघितले आणि हातातला घास पानात ठेवला.

"किती खाल्लंस?"

"हा दुसरा घास. झालं काय?"

मुग्धा मटकन खाली बसली. मी आईसमोर गुडघे टेकले, तिच्या पापण्या बघायला लागले, जसं काही लगेच कळणार होतं. आईने माझा हात बाजूला केला. मी धापा टाकत टाकत सांगितलं. पिशवी, चिंच, विष, सांगलीचा मास्तर. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती मुग्धाकडे न बघता, जरा चोरट्यासारखी म्हणाली,

"उकळलंय मी ते."

"कापा आणि वाढा लिहिलंय त्याच्यावर," मुग्धा म्हणाली.

"लिहिलंय गो. पण मला ते गोडमिट्ट लागतं. आषाढापासून पाठवतेस ना, तेव्हापासून. मी आपला चिंचेचा कोळ घालते, आणि कच्चा कोळ उग्र लागतो म्हणून चांगलं आटेपर्यंत रटरट उकळते. प्रत्येक वेळी."

मी पानावरची भाजी बघितली. रंग काळसर होता, शेजारच्या पातेल्याच्या काठाला आटल्याच्या रेघा होत्या. बीजं उकळीने मरत नाहीत, पण त्यांनी केलेलं विष नाजूक असतं. दहा-पंधरा मिनिटं सगळं खळखळलं तर ते मोडतं. नंतर घातलेल्या चिंचेचा काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो आईच्या जिभेला कच्चा कोळ चालत नाही याचा. मी तिथेच, आईच्या पानाशेजारी, भिंतीला टेकून बसले.

"आषाढापासून," मुग्धा म्हणाली. "आषाढापासून तुला माहीत आहे की चिंच कमी आहे. मला सांगितलं का नाहीस?"

आईने ओलं बोट पदराला पुसलं. "तू फुगशील म्हणून."

"मग ताईला सांगायचंस."

"ती तुला सांगेल, आणि तू फुगशील. एवढ्याशा चिंचेवरून कशाला घरात वाद? म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी आईकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. नको तेव्हा येतं तसलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ते थांबेना. नुसती मध्यस्थाची फिल्मच तशी नव्हती. आमचं घर तशाच फिल्मचं होतं, आईपासून माझ्यापर्यंत. सगळं गिळून वर सपाट. त्यात जी एकटी फुगायची, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून वाईट ठरवलं होतं.

मुग्धा उठली. पाय आपटत माजघरात गेली आणि खांबाकडे तोंड करून बसली.

"बघ," आई हळूच म्हणाली.

"बसू दे तिला," मी म्हणाले.

*

आईला रात्रभर दवाखान्यात ठेवलं. तिला काही झालं नाही. सांगलीचे मास्तर मात्र दिवाळीपर्यंत अंथरुणाला होते, त्यातले बरेच दिवस नाकातल्या नळीने जेवत. ते वाचले. मुग्धा त्यांना भेटायला तीनदा गेली, मी दोनदा. दुसऱ्या वेळी ते अडखळत म्हणाले, "भाजी चवीला फार छान होती."

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी मध्यस्थ उघडला होता. विक्री थांबवल्याचं कारण नोंदवायचं राहिलं होतं. त्याने स्वतःच दोन पर्याय पुढे केले: कृतीत दोष, किंवा फिल्मच्या निवडीत दोष. पहिला निवडला असता तर अळू थांबलं असतं, मुग्धाचा कारखाना गेला असता आणि सोशिक राहिली असती. कोकम, लोणची, पन्हं, चटण्या, सगळीकडे तीच तर वापरत होते. कायद्याने पाहिलं तर फिल्ममध्ये काही खोट नव्हती. तिला जे करायला सांगितलं ते तिने चोख केलं होतं. पण त्या सगळ्यांच्या कृतींतही कुठेतरी काहीतरी चवीपुरतं असणार होतं. आणि चव बदलते. मी दुसऱ्यावर अंगठा ठेवला.

माझी मंजुरी देण्याची सही वर्षभरासाठी काढून घेतली गेली. मुग्धाचा परवाना चौकशीनंतर परत मिळाला. पुढच्या वर्षी मी पुन्हा मध्यस्थासमोर बसले तेव्हा पहिल्यांदा मागितली ती अशी फिल्म, जी आत काही बिघडलं की लवकरात लवकर आणि सगळ्यांना दिसेल अशी फुगेल. मध्यस्थाने तीनदा विचारलं की हा दोष आहे, तो मुद्दाम मागितला आहे का. मी तीनदा हो म्हटलं.

त्या वर्षभरात मुग्धा माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्यात तिची चूक नव्हती.

ती फिल्म तयार झाली त्या वर्षी, गौरी आल्या त्या दिवशी, ती अचानक दारात उभी. हातात पिशवी. "नव्या फिल्ममधली पहिली. जुनं अळू आहे, खाजरं. चिंच मोजून घातली आहे, ग्रॅमवर. चाख."

तिने स्वतः मोजलं होतं, मी पुन्हा मोजलं. आकडा रेषेच्या बराच आत होता. मग मी चमचाभर तोंडात घातलं. छान होतं. गिळलं आणि घशाच्या मागे, अगदी खोल, बारीकशी खाज सुटली. पान नीट शिजलं नव्हतं, किंवा ही जात जरा जास्तच खाजरी होती. जंतूच्या हिशेबाने चिंच भरपूर होती. घशाच्या हिशेबाने कमी.

मुग्धा माझ्या तोंडाकडे बघत होती. एरवी मी छान झालंय म्हणून पाणी प्यायले असते. चाळीस वर्षं तेच केलं होतं.

"खाज आहे," मी म्हणाले. "चिंच कमी पडली आहे."

तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली, माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चांगली टम्म फुगली होती.

मी तिच्या शेजारी पाट टाकून बसले आणि ती बोलायची वाट बघत राहिले.